काळ्या मातीतलं लॉन मे महिन्यात वाळलं, चट्टे पडले, मोथा झाला: खोदून काढायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हिंगणघाटकडे शेतात घर बांधलं, पुढं दोन हजार स्क्वेअर फूट लॉन मागच्या पावसाळ्यात लावलं, दिवाळीला मस्त हिरवंगार होतं, आणि आता मे महिन्यात अर्ध्याच्या वर वाळून गेलं, मधेमधे नुसती माती उघडी पडली, खालच्या कोपऱ्यात मोथ्याचं तण माजलं. नर्सरीवाला म्हणून राहिला की सगळं खोदून काढा, मी नवीन शीट, म्हणजे तयार वाढवलेल्या गवताची पट्टी, टाकून देतो.

खोदू नका भाऊ. निदान ह्या महिन्यात तर अजिबात नाही. मी वर्धा-यवतमाळ-अमरावती ह्याच पट्ट्यात लॉनची कामं करतो, फार्महाऊसची, शाळेची, लग्नाच्या लॉनची, आणि आपल्याकडे लॉन बिघडलं की शंभरातल्या बहुतेक वेळा गवताचा दोष नसतोच, खालची माती आणि त्या मातीत पाणी कसं चालतं ह्याचा दोष असतो. तिथंच नवीन शीट टाकली तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही हाच प्रश्न परत विचाराल, फक्त खिसा हलका झालेला असेल.

आधी वाळलेलं काय आणि मेलेलं काय ते पाहून घ्या. खुरपं घ्या, वाळलेल्या जागेत चार बोटं खोल उकरा, हरळीच्या गाठीगाठीच्या पांढरट दांड्या निघतील जमिनीखालून. त्यातली एक नखानं सोला. आतून पांढरी, कडक, जराशी ओलसर असली तर ते गवत जिवंत आहे, झोपलेलं आहे, पाऊस पडला की येईल. तपकिरी, पोकळ, बोटात चुरा होणारी असली तर ती जागा गेली. असं सात-आठ ठिकाणी करा आणि मेलेल्या जागेवर चुन्यानं खूण करून ठेवा. खात्री पटत नसेल तर हातभर चौकोन आखून तेवढ्याच जागेला एक दिवसाआड बादलीभर पाणी द्या, दहा-बारा दिवसांत कोंब दिसले तर बाकीचंही तसंच आहे समजा. ज्या हरळीला आपण कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दर वर्षी उपटून उपटून थकतो ती एका उन्हाळ्यानं मरत नाही. मेक्सिकन गवत असेल तर मात्र ते इतकं सोशीक नसतं, आणि मेलं तर भरून यायला फार वेळ लावतं, म्हणून तुमच्याकडचं नेमकं कोणतं ते सांगा, पण तुम्ही लिहिलंय की मजुरानं गावातूनच आणून लावलं, म्हणजे देशी हरळीच असावी असं धरून पुढचं लिहितो.

आता मेलेल्या चट्ट्यांचं. नवीन घर आहे म्हणून हे पहिलं तपासा, सब्बल घ्या आणि प्रत्येक चट्ट्यात दोन-तीन जागी ठोका. माती असेल तर सब्बल जाईल, नाही तर वीतभर खाली ठण्णकन वाजेल. बांधकामाच्या वेळी जिथं सिमेंटचा माल कालवला, जिथं गिट्टी-विटांचे तुकडे पडले होते, तिथं मिस्त्री वरून पाच-सहा इंच माती लोटून मोकळा होतो. पावसाळ्यात काही कळत नाही, फेब्रुवारी संपली की ती जागा सगळ्यात आधी पिवळी पडते कारण खाली मुळाला जायला जागाच नाही. असा चट्टा असेल तर कितीही खत टाका, पाणी टाका, तो दर उन्हाळ्यात तसाच दिसणार. तिथं मलबा फूटभर खोदून बाहेर काढा, माती भरा, विषय संपला. हे खोदकाम मात्र आत्ताच मे महिन्यात करायचं, कोरडं असताना.

मग काळी माती. तुम्हाला शेतीमुळं माहीतच आहे, ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. कपाशीला ते चालतं, तिचं मूळ खोल जातं. लॉनच्या गवताची बहुतेक मुळं वरच्या चार-सहा इंचात असतात, आणि भेग पडली की ती मुळं तुटतात, शिवाय भेगेच्या आतल्या बाजूनं हवा लागून माती आणखी खोल वाळते. म्हणजे उन्हाळ्यात तुमचं गवत वरून आणि बाजूनं असं दोन्हीकडून वाळून राहिलं. पावसाळ्यात उलटं, माती फुगून बंद होते, वरचं पाणी खाली जात नाही, पंधरा-पंधरा दिवस चिखल, मुळाला हवा नाही. आपल्याकडे वर्षाचा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खालच्या कोपऱ्यातला मोथा हा त्याचाच पुरावा आहे, तिथं पाणी थांबतं.

म्हणून पहिलं काम उताराचं. घराकडून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटाला इंच-सव्वा इंच उतार पाहिजे, दिसायला सपाटच दिसतो एवढा. मिस्त्रीची पाण्यानं भरलेली लेव्हलची नळी असते ती घ्या आणि दोन माणसांत मोजून पहा, डोळ्यानं अंदाज घेऊ नका, डोळा हमखास फसवतो. खालच्या कोपऱ्यातून पाणी शेताच्या चरात काढून द्या. तिथं उघडा चर नको वाटत असेल तर फूटभर रुंद, दीड फूट खोल नाली खोदा, आत जिओटेक्सटाईलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड घाला, गिट्टी भरा, कापड वरून दुमडा आणि त्यावर दोन-तीन इंच रेताड माती टाका. कापड वाचवायला जाऊ नका, काळी माती एका-दोन पावसाळ्यात गिट्टीत घुसून सगळं बुजवून टाकते आणि मग ती नाली फक्त खर्च म्हणून उरते.

पुष्कळ लोक म्हणतात काळ्या मातीत रेती मिसळा. थोडी रेती मिसळून काही होत नाही, वाळल्यावर ती आणखीच टणक होते. मिसळायचंच तर भरपूर शेणखतासोबत, नाही तर वरून थर द्यायचा. आमच्या धंद्यात टॉपड्रेसिंग म्हणतात त्याला, आणि आपल्या मातीसाठी ह्याच्याइतकं उपयोगी दुसरं काम मला माहीत नाही. चाळलेली लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा एक भाग, रेती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, कोरडं कालवायचं आणि लॉनवर पाव इंचाचा थर फेकून खराट्यानं किंवा उलट्या पंजानं गवतात झिरपवायचा. गवताची टोकं वर दिसलीच पाहिजेत, झाकून टाकलं तर खाली गुदमरतं. दोन हजार स्क्वेअर फुटाला पाव इंच म्हणजे चाळीस-बेचाळीस घनफूट, अर्धा ब्रासही नाही (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). वर्षातून दोनदा, एकदा आर्द्रात आणि एकदा पोळ्याच्या आसपास, असं तीन वर्षं केलं की वर दीड इंचाचा चांगला भुसभुशीत थर तयार होतो, खड्डे भरतात, भेगा कमी पडतात. आत्ता ज्या भेगा आहेत त्यातही हेच मिश्रण कोरडं भरा, काठीनं दाबून. शेणखत मात्र दोन वर्षांचं जुनं पाहिजे. कच्च्या शेणासोबत हुमणीची अंडी-अळ्या येतात, उधई लागते, आणि गाई-म्हशीनं खाल्लेल्या सगळ्या तणाचं बी फुकट येतं.

आता शीटबद्दल, कारण नर्सरीवाला पुन्हा येईल. शीट वाईट नसते. पण ती लाल मातीत वाढवलेली, खाली अर्धा-एक इंच लाल मातीचा पातळ थर घेऊन येते आणि तुम्ही ती टणक काळ्या मातीवर अंथरता. दोन मातींच्या मधे एक सांधा तयार होतो, मुळं त्या सांध्यापाशी येऊन आडवी फिरतात, खाली उतरत नाहीत. महिनाभर हिरवं दिसतं, मजूर पैसे घेऊन जातो, आणि पाणी दोन दिवस चुकलं की शीट कडेनं वळायला लागते. टाकायचीच असेल तर जुलैत टाका, खालची माती चार इंच खणून, शेणखत मिसळून, वर हलका लाल मातीचा हात मारून. एप्रिल-मे मधे शीट टाकणारा माणूस तुमच्या पाण्यावर जुगार खेळून राहिला आहे.

चट्टे भरायला शीटची गरजच नाही, तुमच्याच लॉनच्या कडेला हरळीच्या दोऱ्या फुटपाथवर आल्या असतील त्या तोडा. मृगाचा पाऊस होऊन माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी, आली की चट्ट्याची जागा टिकासनं तीन-चार इंच उकरा, ढेकळं फोडा, घमेलंभर शेणखत मिसळा, आजूबाजूच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर ठेवा कारण ती बसते. दोऱ्यांचे तीन-चार गाठी येतील एवढे तुकडे करा, बोटानं किंवा काडीनं भोक पाडून दर तीन-चार इंचावर एकेक तुकडा असा लावा की दोन गाठी मातीत आणि एक बाहेर राहील, आणि पायानं दाबा. चांगलं दाबा, पोकळी राहिली की तो तुकडा वाळतो. जागा मोठी असेल तर शेणकाल्याची जुनी पद्धत सोपी पडते: हरळी विळ्यानं दोन-दोन इंच चिरा, ताजं शेण, बारीक माती आणि पाणी घालून घट्ट काला करा आणि ओल्या केलेल्या जमिनीवर इंचभर थापून द्या, वर मातीचा हलका हात. ताजं शेण इथं चालतं कारण ते चिकटवायला आहे आणि थर पातळ आहे, तण येईल थोडं, ते उपटावं लागेल. पाऊस नियमित असला तर दीड-दोन महिन्यांत, म्हणजे पोळ्यापर्यंत जागा भरून येते. पावसानं दडी मारली तर ह्या नवीन जागेला रोज हलकं पाणी लागतं, आणि आपल्याकडे मृगानंतर दडी मारणं काही नवीन नाही, म्हणून पाईप तयार ठेवा.

बाजारात हरळीचं बी मिळतं. बी फार बारीक, पहिल्या जोराच्या पावसात वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. मी वापरत नाही.

पाण्याचं गणित लोक चुकतात म्हणून जरा आकड्यानं सांगतो. दोन हजार स्क्वेअर फुटावर एक इंच पाणी म्हणजे साधारण चार हजार सातशे लिटर, हजार लिटरच्या टाक्या पावणेपाच. तुम्ही लिहिलंय रोज संध्याकाळी अर्धा तास पाईप मारतो. साध्या पाईपनं तेवढ्यात पाच-सहाशे लिटर पडत असेल, म्हणजे तीन मिलिमीटर, म्हणजे फक्त वरची धूळ ओली, सकाळी दहापर्यंत उडून गेलं. मुळं मग वरच वर राहतात आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, भाजतात. त्यापेक्षा तेवढंच पाणी साठवून आठवड्यातून एकदा, पण खोल द्या. काळ्या मातीत एकदम सगळं सोडू नका, आधी भेगांतून धडाधड खाली जातं, मग माती फुगली की वरून वाहून जातं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं द्या, तासभर थांबा, परत द्या. स्प्रिंकलर असेल तर तीन-चार रिकामे डबे लॉनवर ठेवून कुठं किती पडतं ते पाहून घ्या, एका डब्यात अर्धा इंच आणि दुसऱ्यात नुसते थेंब असं हमखास निघतं. शेतीपंपाची लाइन रात्रीची असेल तर रात्री टाकी भरा आणि पहाटे गवताला द्या. उन्हाळ्यात रात्रीचं पाणी चालून जातं, पावसाळ्यात आणि थंडीत रात्रभर ओलं गवत राहिलं की बुरशी येते.

आणि पाणीच नसेल तर? विहीर तळाला गेली, माणसाला आणि जनावराला पाणी पुरत नाही आणि आपण लॉनला देऊन राहिलो, हे गावात बरंही दिसत नाही. नका देऊ. हरळीला पंधरा दिवसांतून एकदा चांगलं भिजेल एवढं पाणी मिळालं तरी खालच्या दांड्या जिवंत राहतात. वर पिवळं राहू द्या, कापू नका, त्यावर खत तर मुळीच टाकू नका, फक्त चालणं-फिरणं, गाड्या लावणं बंद करा. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या मुलुखात मे महिन्यात हिरवं लॉन ज्याला पाहिजे त्यानं त्याचं पाणी आधी मोजावं.

मोथ्याचं आता. देठ दोन बोटांत फिरवून पहा, तीन धारा लागल्या तर मोथाच, गवताचा देठ गोल किंवा चपटा लागतो. खाली काळ्या गाठींची माळ असते, वरून उपटलं की गाठ खालीच राहते आणि तिथून पुन्हा फुटतो. थोडाच असेल तर पावसात माती मऊ असताना खुरप्यानं गाठीसकट काढा आणि दर दहा-बारा दिवसांनी न कंटाळता काढत रहा, गाठीतला साठा संपतो. जास्त असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के, उसातल्या आणि मक्यातल्या मोथ्यासाठी कृषी केंद्रात मिळतं, तिथला डोस एकरी ३६ ग्रॅमचा आहे, म्हणजे हजार स्क्वेअर फुटाला एक ग्रॅमसुद्धा पडत नाही. अंदाजानं झाकणभर टाकायचं औषध नाही हे, सोन्या-चांदीच्या दुकानातला छोटा काटा असतो तसा काटा लागेल. मोथा चार-सहा पानांवर असताना मारा, आधी-नंतर दोन-तीन दिवस गवत कापू नका, परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर दुकानदाराला शिव्या देऊ नका. हरळीला ते सहन होतं. पण मारलेल्या लॉनचं कापलेलं गवत बकरीला-गाईला घालायचं नाही, आणि गणपतीला दुर्वाही तिथल्या तोडायच्या नाहीत, घरात सगळ्यांना सांगून ठेवा कारण पोरं तिथूनच तोडतात. आणि पाणी थांबणं बंद केलं नाही तर औषध मारूनही मोथा येणारच, म्हणून आधी नाली.

रुंद पानांच्या तणाला, म्हणजे दुधी, तरोटा, केना, गाजरगवत ह्याला कोणी तुम्हाला टू-फोर-डी हे तणनाशक मारायला सांगेल. लॉनला चालतं ते. पण तुमच्या लॉनच्या पलीकडे कपाशी आहे. कपाशी ह्या औषधाला इतकी नाजूक आहे की वाऱ्यानं उडालेले थेंबही पुरतात, पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बोटं आल्यासारखी निघतात, पात्या-फुलं गळतात. आणि त्याच पंपानं नंतर कपाशीवर कीटकनाशक मारलं तर धुऊनसुद्धा धोका राहतो. तुमची नाही तर शेजाऱ्याची कपाशी जाईल आणि धुऱ्यावरचं भांडण पिढ्यान्पिढ्या चालेल. दोन हजार फूट आहे, माणूस लावून हातानं काढा. गाजरगवत फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून. आणि काहीही फवारायचं असलं, अगदी एक लिटरसुद्धा, तर तोंडाला मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर दगावले ते आपल्या भागात कोणी विसरलं नाही.

खताला फार डोकं लावू नका. हजार स्क्वेअर फुटाला एका वेळी अर्धा किलो युरिया पुरतो, एक किलोच्या वर कधीच नाही. पहिला हात आर्द्रात पाऊस स्थिरावला की, दुसरा पोळ्याजवळ, तिसरा दसऱ्याच्या सुमारास, त्यात थोडं पोटॅश. गवत कोरडं असताना फेका आणि लगेच पाणी द्या, ओल्या पानावर युरिया पडला की ठिपक्या ठिपक्यानं जळतं. युरिया टाकूनही पिवळं राहिलं तर पान जवळून पहा: जुनी खालची पानं पिवळी असतील तर नत्र कमी, पण नवीन कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, गवताला घेता येत नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि सोबत लिटरला १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी पानावर फवारा, चार-सहा दिवसांत फरक दिसतो. पोर्चच्या टाईल्सवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि निघत नाहीत, मग घरात जे ऐकावं लागतं त्यावर औषध नाही.

हे वाचणारे कोणी दर्यापूर, अकोट, तेल्हारा बाजूचे, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. बोअरचं पाणी खारट, पानांची टोकं जळतात, मातीवर पांढरा थर येतो. तिथं हरळीच लावा, ती खार सोसते, आणि पावसाळ्यात निचरा मोकळा ठेवा म्हणजे साचलेलं मीठ धुऊन जाईल. जिप्सम टाका असं सगळेच सांगतात पण ते सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीला लागतं, आधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, तुमच्यासाठी सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र जवळ पडेल.

कापणीत एकच नियम, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला, दीड इंचावर. पंधरा दिवस पाऊस लागला, गवत गुडघ्याला आलं आणि मग एकदम बुडापासून कापलं की खालचे पिवळे देठ उघडे पडतात, ते हिरवं व्हायला आणखी पंधरा दिवस, तेवढ्यात तण मधे शिरतं. वाढलंच असेल तर दोन-तीन हप्त्यांत खाली आणा. शेतातला ब्रश कटर दोरीवर चालवता तो लॉनला बरा नाही, दोरी पान कापत नाही, फाडते, दुसऱ्या दिवशी सगळी टोकं राखाडी. हातानं ढकलायचं रीळवालं मशीन तुमच्या जागेला पुरेसं आहे, फक्त पाती धार लावलेली पाहिजे. माती चिखल असताना मशीन आणि माणूस दोघंही आत जाऊ देऊ नका. मार्चपासून कापणी दोन इंचावर न्या. होळीच्या आधी एकदा खाली कापून वाळलेला कचरा पंजानं ओढून काढता येतो, त्यानंतर ऊन तापतं, मग नको.

जुलै-ऑगस्टमधे पाऊस चांगला असूनही एखादी जागा वाळून राहिली तर ते गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजीसारखं अख्खं उचललं गेलं तर खाली हुमणी आहे, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, मुळं खाऊन टाकते. फूटभर चौकोनात पाच-सातच्या वर सापडल्या तर उपाय करा. मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून ओल असताना द्या. खरा उपाय मात्र त्याच्या आधीचा, वळवाचा पहिला दणका पडला की संध्याकाळी भुंगेरे निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर बसतात, त्या आठवड्यात फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. घरापुढं कडुनिंब आहे म्हणालात, म्हणजे तुम्हाला हे करावंच लागेल.

त्या कडुनिंबाखाली गवत का येत नाही असंही विचारलंय. सावलीत हरळी येत नाही, तिला पाच-सहा तास कडक ऊन लागतं. तिथं प्रयत्नच करू नका. झाडाभोवती ओटा बांधा, उन्हाळ्यात दुपारी बसायला तीच जागा कामाची.

पाऊस परतला की ऑक्टोबरात सगळे पाणी द्यायला विसरतात. आत्ताच तर पाऊस झाला, असं वाटतं, पण ऑक्टोबरच्या उन्हात आठ-दहा दिवसांत वरची माती टणक होते आणि भेगा तेव्हापासूनच सुरू होतात. हस्त संपला की पाणी चालू करा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला की हरळी थांबते, थोडी पिवळट होते, ते नैसर्गिक आहे, युरिया मारून ती जागी होत नाही. बारा-पंधरा दिवसांनी पाणी, तेही सकाळी, बस.

वापराचं एक. तुरी, सोयाबीन, मिरची लॉनवर वाळवायला टाकू नका, ताडपत्रीखाली तीन दिवसांत गवत पांढरं पडतं आणि उन्हात तर शिजतं. लग्नाचा मांडव घालायचाच असेल तर आधी दोन दिवस पाणी बंद ठेवा, मांडव उठला की त्याच संध्याकाळी भरपूर पाणी द्या आणि दाबलेल्या जागेत सब्बलीनं किंवा दाताळ्यानं सहा-सहा इंचावर चार बोटं खोल भोकं पाडून त्यात रेती-शेणखत लोटा.

तर तुमच्यासाठी आत्ताचं काम एवढंच: खुणा, मलबा काढणं, लेव्हल मोजणं, नाली. लाल माती, रेती, गिट्टी जी काय लागेल ती रोहिण्या आहेत तोवरच आणून घराच्या बाजूला टाकून ठेवा, आणि ट्रॉली लॉनवरून नेऊ नका म्हणून ड्रायव्हरला स्वतः उभं राहून सांगा. पाऊस लागल्यावर ट्रॅक्टर आत आला तर चाकाच्या चाकोऱ्या वीतभर खोल पडतात आणि त्या काळ्या मातीतून काढायला अख्खा पावसाळा जातो.